पडदेवाल्या काकू आणि काजळची पिल्लं

मास्तर दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा पडदेवाल्या काकू एका लांबलचक हिरव्या पडद्याला खालची पट्टी मारत होत्या. मशीन घरघरत होतं. काजळ नेहमीसारखी कापडाच्या गठ्ठ्याला पाठ लावून पसरली होती. तिने मान उचलली, मास्तरांना ओळखलं, शेपटी दोनदा फरशीवर आपटली आणि मग त्यांच्या पायांच्या मागे नजर टाकली. मागे कुणी नव्हतं.

काकूंचीही नजर तिकडेच गेली. मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सुरम्याला बरोबर घेतल्याशिवाय साधं दूध आणायलाही बाहेर पडायचे नाहीत. सुरमा म्हणजे काजळचा सख्खा भाऊ, एकाच वेताचा. काळाभोर, भुवयांवर तांबूस ठिपके, तिच्यासारखाच लांब पायांचा डॉबरमन. पिल्लू असताना काकूंनीच तो मास्तरांच्या मांडीवर ठेवला होता.

“आज एकटेच? सुरमा कुठंय?”

“गेला, काकू.”

“गेला म्हणजे? फाटक उघडं राहिलं का? अहो मग उभे काय राहिलात, शोधायला—”

“तसा नाही गेला.” मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी काजळच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. “मैदानावर चेंडू टाकला मी. धावला, तोंडात धरला, वळला, आणि येता येता पडला. मला वाटलं पाय घसरला. बायको होती बरोबर, हिला वाटलं, नाटक करतोय. करायचा ना तो, मेल्याचं सोंग? ही टाळ्या वाजवत होती, काकू. मी जवळ जाईपर्यंत ही टाळ्या वाजवत होती.”

मशीनच्या चाकावर काकूंचा हात तसाच राहिला.

“डॉक्टरांनी उघडून बघितलं. म्हणाले, हृदय फुगलं होतं. भिंती पार पातळ झालेल्या. बाहेरून काही कळलंच नसतं म्हणे.” मास्तर उठले. “मी भांडायला नाही आलो. पिल्लू देताना तुम्हीच म्हणाला होतात, याला काहीही झालं तर आधी मला कळवायचं. म्हणून आलो.”

काकू ‘बसा, चहा घ्या’ एवढंच म्हणाल्या. मास्तर थांबले नाहीत. ते गेल्यावर काकू खुर्चीवरून उतरून काजळशेजारी फरशीवर बसल्या आणि त्यांनी तिच्या डाव्या बरगड्यांवर तळवा टेकवला. आत धडधड चालू होती. नेहमीसारखी आहे की नाही, हे त्यांना कळेना. कारण नेहमीची कशी असते ते त्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं. तळवा खाली सरकला तसं पोट लागलं. गोल, घट्ट, गरम पोट.

काजळ गाभण होती.

आता काकूंविषयी थोडं सांगायला हवं. या बाईंना मुळात कुत्र्यांची भयंकर भीती. रस्त्यात कुत्रं दिसलं की त्या समोरच्या फुटपाथवरून जायच्या, तिथे दुसरं दिसलं की घरी परत यायच्या. तरुण असताना एकदा गावाबाहेरच्या एका मोठ्या घरात खिडक्यांची मापं घ्यायला गेल्या. घरात एक म्हातारी बाई आणि तिचे डॉबरमन. काकू टेप धरून स्टुलावर चढल्या आणि एक काळी धिप्पाड मादी येऊन बरोबर स्टुलाखाली बसली. काकूंना खाली उतरता येईना, वर थांबवेना.

“बाई, ही जरा बाजूला होईल का?”

“नाही व्हायची,” म्हातारी म्हणाली. “तुम्ही पडाल असं वाटतंय तिला.”

त्या घराचे पडदे शिवून होईपर्यंत काकूंची भीती कशी गेली ते त्यांनाही सांगता येत नाही. पुढे त्याच मादीची लेक, शाई, त्यांच्या घरी आली. पण सहजासहजी नाही. म्हातारीने त्यांना महिनाभर घिरट्या घालायला लावल्या. घर बघायला आली, नवऱ्याला बघायला आली, जिन्याला कठडा आहे का ते हलवून बघितलं. पिल्लू विकायचं नसतं, सोपवायचं असतं, हे त्या म्हातारीचं वाक्य. मादी दोन वर्षांची झाल्याशिवाय जोडी लावायची नाही. दोन वेतांच्या मध्ये तिला भरपूर विश्रांती द्यायची. डोळे, खुबे, हृदय तपासल्याशिवाय नराला हो म्हणायचं नाही. आणि दिलेलं पिल्लू म्हातारं झालं तरी, कुणाला नको झालं तर, आपल्या दारात परत घ्यायचं.

म्हातारी गेली, पण तिची ही शिस्त काकूंनी उचलली. त्यांची कमाई पडद्यांची. पिल्लांचं वेत चार-पाच वर्षांत एखादं. पण पिल्लू मागायला आलेल्या माणसाला घाम फुटायचा. काकूंचे यजमान बांधकामावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, कानाने जरा कमी आणि जिभेने जरा जास्त. ते आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या लेकीच्या लग्नात हिने मुलाला एवढे प्रश्न विचारले नव्हते. विचारले असते तर बरं झालं असतं.” एका गृहस्थाला पिल्लाचे कान कापून उभे करून हवे होते. काकू त्याला म्हणाल्या, “मग ससा पाळा,” आणि दार लावून घेतलं.

अशा बाईच्या हातून गेलेलं पिल्लू भर उन्हात, टाळ्यांच्या आवाजात मरून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू काजळला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर वयाने त्यांच्या लेकीएवढी, पण बोलायला सरळ.

“हा आजार या जातीत आहे, काकू. तुम्हाला माहीत आहे.”

“म्हणून तर दोन वर्षांची झाल्यावर तपासलं होतं ना! तुम्हीच म्हणालात, स्वच्छ आहे.”

“त्या दिवशी स्वच्छ होतं. हा आजार वर्षानुवर्षं दडून बसतो. कुत्रं खातं, पितं, धावतं. मग एक दिवस ठोके चुकायला लागतात. म्हणून दर वर्षी तपासायचं.”

दर वर्षी. काकूंनी दर वर्षी तपासलं नव्हतं. जोडी लावायच्या आधी एकदा तपासलं की झालं, असं त्यांच्या डोक्यात होतं.

“आणि पोटातली?”

“आईकडे असेल तर प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. पण आधी आईकडे आहे का ते बघू. एक पट्टा बांधावा लागेल, दिवसभर आणि रात्रभर. त्यातलं यंत्र एकेक ठोका टिपून घेतं.”

यंत्र दुसऱ्या शहरातून मागवायचं होतं. तोवर काय करायचं, असं काकूंनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाली, “पळवू नका. दचकू देऊ नका. आणि तुम्हीही जरा झोपा.”

झोप कुठली? काकूंनी काजळची गादी स्वतःच्या पलंगाला लावून घेतली. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी त्या काजळकडे धावायच्या, ती दचकली असेल म्हणून. दारावरची घंटा त्यांनी काढून टाकली. जिना चढताना काजळ मध्येच थांबली की या दोन पायऱ्या गाळून तिच्यापाशी. ती आपली कान खाजवायला थांबलेली असायची. दुकानात मशीन चालवता चालवता त्या पायाच्या अंगठ्याने तिच्या अंगाला स्पर्श करून बघायच्या. ती झोपेत फार शांत झाली तर हाक मारायच्या, आणि तिने डोळे उघडले की आपण तिला उगाच उठवलं म्हणून चुटपुटायच्या.

“अगं, तू तिला जगू देशील का जरा?” यजमान म्हणाले.

“जगतीये का तेच तर बघतेय!”

त्याच आठवड्यात त्यांनी बंगलेवाल्यांना फोन केला. काजळ-सुरम्याचा बाप या बंगलेवाल्यांचा. देखणा नर, प्रदर्शनातली बक्षिसं भिंतभर लावलेली. शाईसाठी काकूंनी त्याला निवडला तेव्हा त्याचे खुबे आणि डोळे तपासलेले होते, हृदयाचं विचारल्यावर बंगलेवाले हसून म्हणाले होते, “घोड्यासारखा पळतो, बाई.” आणि काकूंनी तेवढ्यावर समाधान मानलं होतं.

“तुमचा नर कसा आहे आता?”

“तो? अहो, तो जाऊन बरीच वर्षं झाली. बागेत पडला सकाळी. काहीतरी चावलं असणार. साप-बीप.”

“साप बघितला कुणी?”

“बघितला नाही कुणी. पण धडधाकट जनावर असं उभ्या उभ्या पडतं का?”

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “त्याच्या आणखी पिल्लांचं काही कळलं?”

“दोन-तीन लोकांचे फोन आले होते खरे. असेच अचानक गेले म्हणत होते. लोक काय, नीट खायला घालत नाहीत आणि—”

“आणि तुम्ही आम्हाला कुणालाच सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलंत का?” बंगलेवाले म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरोखरच त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

फोन ठेवल्यावर काकूंनी पिल्लं नेलेल्यांच्या पत्त्यांची वही काढली. शाईच्या त्या वेतातली आणखी पिल्लं गावोगाव होती. कुणाच्या अंगणात, कुणाच्या सोफ्यावर, कुणाच्या लेकरांबरोबर पळत. आणि काजळच्या पोटातल्यांसाठी चार घरं आधीच ठरलेली होती. त्यातल्या एका घरात तर मुलींनी वाडगं आणून ठेवलं होतं.

त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमानांनी टीव्ही बंद केला, म्हणजे ऐकलं नीट.

“कुणाला सांगू नकोस इतक्यात,” ते म्हणाले. “पट्टा बांधू दे. तिच्यात काहीच नाही निघालं तर? लोकांच्या जिवाला उगीच घोर.”

हे बोलणं काकूंना इतकं पटलं की त्यांना बरं वाटलं. दोन-तीन दिवस त्या तसंच धरून राहिल्या. मग वाडगं आणलेल्या मुलींची आई पडद्याची मापं द्यायला दुकानात आली. हसतमुख बाई. म्हणाली, “काकू, तुमच्याकडचं पिल्लू म्हणजे डोळे झाकून घ्यायचं, असं सगळे म्हणतात.” बंगलेवाल्यांविषयी त्यांना जे वाटलं होतं ते आता या बाईला आपल्याविषयी वाटणार, आज ना उद्या. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं.

त्या बाईचं हसू गेलं. “बरं झालं सांगितलंत,” असं ती म्हणाली, पण पडद्यांची मापंही न देताच निघून गेली. नंतर काकूंनी एकेकाला फोन लावायला घेतले. दर फोनआधी त्या पाणी प्यायच्या. एक माणूस खवळून म्हणाला की तुम्ही आमची फसवणूक केली. एकाने ‘तपासून बघू’ म्हटलं, आणि त्याच्या आवाजावरून कळलं की तो बघणार नाही. शाईच्या जुन्या वेतातल्या एकीकडून उत्तर आलं की त्यांची कुत्री मागच्याच वर्षी जिन्यात कोसळून गेली. त्यांना वाटलं होतं उष्माघात. काकूंनी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या. बाहेर काजळ दाराशी नाक लावून बसली होती. तिचा श्वास फटीतून ऐकू येत होता, आणि रडता रडताही काकू तो कान देऊन ऐकत होत्या.

यंत्र आलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, त्याला वायरी. दवाखान्यातला पट्टा गाभण पोटावर बसेना, सरकून जाई. तेव्हा काकूंनी रात्रीतून मऊ अस्तराचं एक जाकीट शिवलं, पाठीवर खिसा, पोटाला सैल चुण्या. काजळ ते घालून दिवसभर घरात फिरली. यजमान म्हणाले, “टपालखात्यात नोकरी लागल्यासारखी दिसतेय.” काकू हसल्या, आणि हसल्याबद्दल त्यांना लगेच अपराधी वाटलं.

निकाल सांगताना डॉक्टरने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. हिरव्या रेषेवर सारखी टोकं चाललेली, शिवणीच्या टाक्यांसारखी; आणि मध्येच एक टाका भलताच, रुंद, वेडावाकडा. मग पुन्हा सरळ. मग परत एक.

“हे वेडेवाकडे?” काकूंनी विचारलं.

“हो. पुष्कळ आहेत.”

काकूंना डॉक्टरचे पुढचे शब्द लांबून आल्यासारखे ऐकू आले. आजार आहे. अजून सुरुवात आहे. औषधं आहेत, पण पोटात पिल्लं असताना सगळी देता येणार नाहीत. प्रसूतीचा ताण हृदयाला कितपत झेपेल ते सांगता येत नाही. पोट उघडायचं तर भूल द्यावी लागेल, आणि भूल या हृदयाला आणखी धोक्याची. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तिला दवाखान्यातच ठेवून नैसर्गिक बाळंतपण होऊ द्यायचं, यंत्र लावून.

“माझ्यामुळे झालं हे,” काकू म्हणाल्या. “मी जोडी लावली.”

“काकू, आत्ता ते नको. आत्ता तिला घाबरलेलं माणूस कळतं, एवढं लक्षात ठेवा.”

हे सगळ्यात अवघड होतं. ज्या बाईच्या तोंडावर सगळं दिसतं, तिला पुढचे कितीतरी दिवस कुत्रीसमोर नाटक करायचं होतं. काकू गुणगुणायच्या. काजळला खायला देताना मुद्दाम मोठ्याने बाजारभाव सांगायच्या. आणि मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन, कापडाच्या ताग्यात तोंड खुपसून, भीती तिथे सोडून यायच्या.

कळा सकाळी सुरू झाल्या. दवाखान्याच्या आतल्या खोलीत फरशीवर जुने पडदे अंथरले होते, काजळच्या ओळखीच्या वासाचे. डॉक्टर एका बाजूला, काकू डोक्याशी. यंत्राचा टिक-टिक आवाज खोलीभर. यजमान बाहेर बाकावर बसले होते, आणि त्यांना ऐकू येत नसल्यामुळे मधूनमधून दाराच्या काचेला नाक चिकटवायचे.

पहिलं पिल्लू झटकन आलं. काजळने त्याला चाटून काढलं. दुसरं, तिसरं. काकूंना वाटलं, उगाच घाबरले. चौथ्याच्या वेळी काजळने मान टाकली आणि टिक-टिक बदलली. घाईघाईने, एकावर एक, अडखळत. मग एक मोठी पोकळी. काकूंनी तेवढ्या वेळात काय केलं ते त्यांना आठवत नाही, डॉक्टर सांगते की त्या काजळच्या कानात हळूहळू, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणत होत्या, “चल, दुकान उघडायचंय. चल, उशीर होतोय.”

डॉक्टरने काजळला सुई टोचली. पोकळीनंतर एक ठोका आला. मग दुसरा. मग ओळ पुन्हा चालायला लागली, थकल्यासारखी, पण चालायला लागली.

“पिल्लू!” डॉक्टर ओरडली. “काकू, ते पिल्लू घ्या!”

चौथं पिल्लू त्या गडबडीत बाहेर येऊन पडलं होतं. पिशवी तशीच. काकूंनी पिशवी फाडली, नाका-तोंडातलं पाणी पुसलं, फडक्यात घेऊन त्याची पाठ चोळायला लागल्या. पिल्लू ओल्या मोज्यासारखं लुळं. काकू चोळत राहिल्या. त्यांचे हात मोठमोठे जाड पडदे ओढून ओढून राकट झालेले. त्या हातांची त्यांना आता भीती वाटत होती, जास्त जोर लागला तर? कमी लागला तर? मग फडक्यात काहीतरी शहारलं आणि इतका बारीक आवाज आला की तो कुणाचा ते कळायलाच वेळ लागला.

आणखी दोन झाली. सहा पिल्लं. दुपारी काजळ थोडं पाणी प्यायली आणि तिने डोळे मिटले. काकूंनी तळवा टेकवला तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

पिल्लं वाढायला लागली, डोळे उघडले, एकमेकांचे कान चावायला लागली. घरात कुणीही पाय ठेवला तरी त्यांच्याकडे बघून हसू यावं अशी पिल्लं. काकू मात्र त्यांना मांडीवर घेताना हिशेब करायच्या: निम्मी. म्हणजे कोणती? ते चौथं, अंगाने बारकं, तेच असणार. की तो दांडगा? डॉक्टरने सांगून ठेवलं होतं की लहानपणी केलेल्या चाचणीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. मोठी झाल्यावर दर वर्षी यंत्र लावायचं, एवढाच मार्ग.

काकूंनी ठरवलं की या रक्ताची ओळ इथे संपवायची. यातल्या एकाही पिल्लाला पुढे वेत होणार नाही, ही अट. दर वर्षी तपासणी, ही दुसरी अट. आणि घेणाऱ्याला आधी काजळचे ते वेडेवाकडे ठोके दाखवायचे, मग पिल्लू दाखवायचं. यजमान म्हणाले, “अशाने एक तरी जाईल का घराबाहेर?” काकू म्हणाल्या, “नाही गेली तर राहतील. आपल्याकडे गाद्यांना तोटा नाही.”

पण माणसं आली. थोडी आली, पण आली. आणि एक दिवस मास्तर आले.

काकूंनी त्यांना खुर्चीही दिली नाही. “तुम्हाला नाही देणार.”

“का?”

“का म्हणजे? परत तेच बघायचंय तुम्हाला?”

“सुरम्याबरोबर मला पाच वर्षं मिळाली, काकू,” मास्तर म्हणाले. “गणिताचा माणूस आहे. मला शक्यता कळते. आणि ती कळूनही मी आलोय.”

“आणि बाईसाहेब?”

मास्तर खाली वाकले. बारकं चौथं पिल्लू त्यांच्या बुटाची नाडी ओढत होतं. “ती मैदानाच्या रस्त्याने जात नाही,” ते म्हणाले. “कुणी टाळ्या वाजवल्या की खोलीतून उठून जाते.”

“मग त्यांना विचारल्याशिवाय नाही. मी स्वतः घेऊन येते. त्यांनी नको म्हटलं तर परत आणेन.”

पिल्लू आईपासून सुटण्याएवढं झालं तेव्हा काकू त्याला पिशवीत घालून मास्तरांच्या घरी गेल्या. पिशवीत काजळच्या गादीचा एक तुकडाही घातला होता, वासासाठी. मास्तरांची बायको दारात होती. बारीक, नीटनेटकी बाई. शाळेत वाचनालय सांभाळायची. तिने काकूंना आत घेतलं, चहा केला, पिशवीकडे बघितलं नाही. सुरम्याचं पाण्याचं भांडं अजून कोपऱ्यात होतं, कोरडं, पण घासून ठेवलेलं.

पिल्लू पिशवीतून बाहेर आलं, घसरलं, फरशीवर एक डबकं करून बसलं. मास्तर फडकं आणायला धावले. बायको जागची हलली नाही.

“याच्या छातीत काय आहे,” तिने काकूंना विचारलं, “ते सांगता येतं?”

“नाही.”

“मोठा झाल्यावर?”

“तेव्हाही त्या वर्षापुरतंच.”

“म्हणजे रोज भीती.”

“रोज,” काकू म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? मी तर रात्री उठून बघते. तुम्हाला नको असेल तर मी आत्ता घेऊन जाते. मला राग नाही यायचा, मनापासून सांगते.”

बायकोने चहाचा कप ठेवला. पिल्लू फिरत फिरत टेबलाखाली गेलं, काकूंनी तिथे टाकलेल्या गादीच्या तुकड्यावर गोल झालं आणि क्षणात झोपलं. लहान पिल्लं झोपतात तसं, सगळं अंग सोडून. बायको बघत होती. पोट वर गेलं, खाली आलं. वर गेलं. आणि मग थांबलं. पिल्लांचा श्वास झोपेत असा मध्येच थांबतो, काकूंना माहीत होतं, तरी त्यांनी उठायला खुर्चीचा हात धरला. त्या उठायच्या आत खुर्ची मागे सरकली आणि मास्तरांची बायको गुडघ्यांवर टेबलाखाली होती, हात त्याच्या बरगड्यांवर. पिल्लू दचकून जागं झालं, तिच्या बोटाला चावलं आणि परत झोपलं.

ती बराच वेळ तशीच टेबलाखाली बसून राहिली. काकूही हळूच खाली बसल्या, एका हाताने गुडघा धरून. फडकं घेऊन आलेले मास्तर दारातच थांबले.

“याला रात्री कुठे झोपवायचं?” बायकोने विचारलं. “सुरमा लहानपणी एकटा ठेवला की रडायचा.”

“पहिले काही दिवस तुमच्या पलंगाशेजारी. जिन्याला आडवी फळी लावा. जेवण मी आणलंय तेच द्या, एकदम बदलू नका. आणि वाटेल तेव्हा मला फोन करा. वाटेल तेव्हा.”

फोन येत राहिले. शिंकला, काकू. जेवला नाही, काकू. आज उशिरा उठला, चालेल ना? काकू प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर द्यायच्या आणि फोन ठेवून स्वतः खुर्चीवर बसायच्या.

काजळ औषधांवर आणखी दोन उन्हाळे जगली. एका सकाळी दुकानात, मशीन चालू असताना, तिने नेहमीच्या जागी अंग टाकलं. काकूंनी सवयीने अंगठा लावून बघितला. त्यांनी मशीन थांबवलं. त्या ओरडल्या नाहीत. इतके दिवस ज्याची भीती बाळगली ते येऊन गेलं होतं, आणि येताना त्याने आवाजही केला नव्हता. यजमान वरून उतरून आले तेव्हा काकू तिच्या अंगावर एक मऊ कापड पसरत होत्या.

सहांपैकी दोघांच्या हृदयात आजार सापडला आहे. दोघंही औषधांवर आहेत. बाकीच्यांची तपासणी दर वर्षी होते, आणि काकू जमेल तिथे स्वतः जातात, कारण घरी बसून फोनची वाट बघणं त्यांना अधिक जड जातं.

या वर्षी त्या मास्तरांच्या बायकोबरोबर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. कुत्रा आत. तो आता मोठा झाला आहे, मुळीच बारका राहिलेला नाही. दोघींमध्ये पाण्याची एकच बाटली होती आणि दोघी आळीपाळीने तिचं झाकण उघडत-लावत होत्या, पाणी कुणीच पीत नव्हतं.

दार उघडून डॉक्टर बाहेर आली. दोघी एकदमच उभ्या राहिल्या.

“या वर्षी स्वच्छ,” डॉक्टर म्हणाली.

मास्तरांच्या बायकोने काकूंचा दंड घट्ट धरला आणि विचारलं, “पुढची तारीख आत्ताच घेऊन टाकू का?”